आव्हान देणारा आणि आव्हान स्वीकारणारा
(रामनगर येथे मराठी वाचकांच्या मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



काशीतील मराठी कुटुंबांनी मला बोलावले आणि व्याख्यान मात्र गंगेच्या या तीरावर, रामनगरात ठेवले, याबद्दल मी त्यांची विशेष आभारी आहे. आज सकाळी आपल्यापैकी काही जणांसमवेत मी राजा बलवंतसिंहांनी १७५० मध्ये बांधविलेला किल्ला पाहिला. चुनारच्या दगडाच्या त्या तटबंदीत, गंगेकडे तोंड करून, व्यासांचे देऊळ आहे. शंकराने व्यासांना काशीबाहेर घालविले आणि ते या तीरावर येऊन राहिले, ही कथा येथील लहान मूलही सांगते. पलीकडे मरण आले तर मोक्ष आणि येथे मरण आले तर गाढवाचा जन्म, अशीही समजूत आहे, आणि तिचा दोष टळावा म्हणून माघ महिन्यात यात्रेकरू व्यासांच्या दर्शनाला येतात. नदीचे पात्र तेच, अंतर हाकेचे. पण कोणत्या काठावर उभे राहून आपण डाव मांडतो, यावर फळ अवलंबून असते, असे या कथेत गृहीत धरलेले आहे. माझ्या आजच्या विषयाला याहून चांगली प्रस्तावना मला सुचली नसती.

विषय पत्त्यांचा आहे. व्यासांच्या दारात पत्त्यांवर बोलावे काय, असा संकोच मला वाटला होता. परंतु जगातील सर्वांत प्रसिद्ध द्यूत ज्यांनी वर्णिले, त्यांच्याच दारात हा विषय काढण्यात अनौचित्य नाही, असे मी मनाला समजाविले.

प्रथम पार्श्वभूमी सांगते. संभाव्यतेच्या शास्त्राची सामान्य वाचकाला ओळख करून देणाऱ्या एका पुस्तकाचा मराठी अनुवाद मी केला. त्यातील एक प्रकरण पोकर या पत्त्यांच्या खेळावर आहे. तेही खेळाच्या सर्वांगांवर नव्हे, तर स्पर्धा संपत आली असता हाती ना धड चांगली ना धड वाईट अशी पाने आली, तर खेळाडूने काय करावे, एवढ्याच प्रश्नावर. अनुवादाचे हस्तलिखित वाचणाऱ्या एका वडीलधाऱ्या परीक्षकांनी अभिप्राय दिला की, हे प्रकरण वगळावे. ग्रंथालयातून जुगाराचे शिक्षण देऊ नये. त्यांचा हेतू शुद्ध होता. मलाही प्रथम तसेच वाटले. पुढे मी ते प्रकरण ठेविले. का ठेविले, याचा हिशेब आज आपल्यापुढे मांडावयाचा आहे.

मी मराठी घेऊन एम. ए. झाले. गणिताशी माझा संबंध शाळेनंतर सुटला. पत्त्यांशी मात्र सुटला नाही. उन्हाळ्याच्या सुटीत आजोळच्या माजघरात बदाम सात, झब्बू, पाच-तीन-दोन आणि लाडीस हे खेळ आम्ही भावंडे दुपारभर खेळत असू. पत्त्यांचा खेळ आपल्या भूमीला परका नाही. सावंतवाडीच्या चितारी घराण्यांनी गोल पानांची गंजिफा रंगविली. तिच्या दशावतारी संचात प्रत्येक अवताराची १२ याप्रमाणे १२० पाने असतात. पोकर मात्र अमेरिकेतून आला. त्याचा आज सर्वाधिक खेळला जाणारा प्रकार टेक्सास होल्डेम या नावाने ओळखला जातो. लास व्हेगास येथे १९७० पासून भरणाऱ्या जागतिक मालिकेची मुख्य स्पर्धा याच खेळाची असते. आपल्याकडे गोव्यात मांडवीच्या पात्रात उभ्या असलेल्या कॅसिनोच्या बोटींमुळे हे नाव मराठी माणसाच्या कानावर आले.

खेळाची रीत थोडक्यात अशी. प्रत्येक खेळाडूला दोन पाने झाकून मिळतात. मग मेजावर सर्वांसाठी समाईक अशी पाच पाने उघडली जातात; प्रथम तीन, मग एक, मग एक. आपली दोन आणि समाईक पाच, अशा सातांतून ज्याची पाच पाने सर्वांत सरस, तो जिंकतो. पाने वाटल्यावर आणि प्रत्येक उघडणीनंतर पैज लावता येते, वाढविता येते, किंवा पाने टाकून डावातून बाहेर पडता येते. तीन पत्ती खेळणारे यालाच ‘पॅक’ होणे म्हणतात. मीही तोच शब्द वापरते. ज्या प्रकारात पैजेला मर्यादा नसते, तेथे खेळाडू कोणत्याही क्षणी आपल्यापुढील सर्व चकत्या पुढे सरकवू शकतो. त्याला ‘ऑल-इन’ म्हणतात.

स्पर्धेचे दोन नियम येथे ध्यानात ठेवावयाचे आहेत. पहिला असा की, प्रवेश फी भरून मिळालेल्या चकत्या म्हणजे पैसे नव्हेत. त्या मध्येच देऊन रोख रक्कम घेता येत नाही. चकत्या संपल्या की खेळाडू बाद होतो, आणि बक्षिसे शेवटपर्यंत टिकणाऱ्या मोजक्यांनाच क्रमाने मिळतात. दुसरा नियम असा की, पाने पाहण्यापूर्वीच काही चकत्या प्रत्येक डावात सक्तीने टाकाव्या लागतात. वाटप करणाऱ्याच्या डावीकडील दोघे लहान व मोठा ‘ब्लाइंड’ भरतात, आणि पुष्कळ स्पर्धांतून प्रत्येक जण आणखी थोडी भर घालतो. ही सक्तीची रक्कम ठरावीक वेळाने वाढत जाते. म्हणजे स्वस्थ बसणे फुकट नसते. चांगली पाने येईपर्यंत वाट पाहीन, असे म्हणणाऱ्याची पुंजी त्या वाट पाहण्यातच झिजून जाते.

आता उदाहरण घेऊ. नऊ खेळाडू उरले आहेत. लहान ब्लाइंड ५,००० चकत्यांचा, मोठा १०,००० चा, आणि प्रत्येकाची भर १,००० ची. म्हणजे कोणीही काही करण्यापूर्वी मेजावर २४,००० चकत्या जमा आहेत. आपल्या खेळाडूजवळ ९०,००० उरल्या आहेत. एका पूर्ण फेरीचा खर्च २४,०००. काही न करता तो फार तर पावणेचार फेऱ्या तग धरील. रक्कम वाढली की तेवढ्याही नाही. आज वाटपाची जागा त्याची आहे. आधीचे सहा जण पॅक झाले आहेत. त्याच्यामागे बोलावयाचे ते फक्त दोन ब्लाइंडवाले, आणि दोघांजवळही त्याच्याहून अधिक चकत्या आहेत. त्याच्या हाती आली आहेत किलवरचा राजा आणि चौकटची नव्वी.

५२ पानांतून दोन पानांच्या जोड्या १,३२६ होतात. ही संख्या काढण्याची रीत भास्कराचार्यांच्या लीलावतीत आहे, आणि तो ग्रंथ ११५० सालचा आहे. त्या १,३२६ जोड्यांत राजा-नव्वी ही काही मानाची जोडी नव्हे. नऊ जणांच्या मेजावर पहिल्याच बोलणाऱ्याने ती निमूटपणे टाकावी. पण येथे सहा जण अगोदरच गेले आहेत. तिलाच मी काठावरची जोडी म्हणते. पॅक व्हावे, की सर्व ९०,००० पुढे सरकवावे?

समजा, ब्लाइंडवाल्या दोघांपैकी प्रत्येक जण शंभरांतील उत्तम अशा २० हातांनीच सामना स्वीकारील आणि ८० वेळा पॅक होईल. मग दोघेही पॅक होण्याचे प्रमाण ८० शतांशांचे ८० शतांश, म्हणजे शंभरात ६४. तेवढ्या वेळा पान न उघडता मेजावरचे २४,००० आपल्या खेळाडूला मिळतात आणि त्याची पुंजी १,१४,००० होते. उरलेल्या ३६ वेळा कोणीतरी उत्तम पाने घेऊन सामन्याला उभा राहतो. अशा हातांपुढे राजा-नव्वी शंभरात सुमारे ३८ वेळा टिकते, असे धरू. टिकली तर डाव सुमारे १,९५,००० चा होतो. न टिकली तर स्पर्धा संपली. या सर्वांची सरासरी काढली तर ती सुमारे ९९,६०० येते. दोघेही एकदम सामन्याला येण्याची क्वचित शक्यता मी सोडून दिली आहे. पॅक झाला असता तर ९०,०००. सरसावला तर सरासरीने साडेनऊ हजारांहून अधिक जास्त. उलट बाजूने विचारले की, दोघे पॅक होण्याचे प्रमाण किती कमी झाले तर ही चाल तोट्यात जाईल? उत्तर येते शंभरात सुमारे ४०.

मित्रहो, हा हिशेब मी प्रथम केला तेव्हा मला आश्चर्य वाटले. सामना झाला तर हा खेळाडू बहुधा हरणार आहे. आणि तरीही त्याची चाल बरोबर आहे. याचे कारण एकच. जो प्रथम सर्वस्व पुढे करतो त्याला जिंकण्याचे दोन मार्ग असतात: समोरचा माघार घेतो, किंवा पाने सरस ठरतात. जो ते आव्हान स्वीकारतो, त्याला एकच मार्ग असतो. त्याची पाने सरस ठरलीच पाहिजेत. म्हणून जी पाने घेऊन आव्हान द्यावे, तीच पाने घेऊन आव्हान स्वीकारू नये. हे या प्रकरणाचे मर्म आहे, आणि त्यासाठीच मी त्याचा इतका प्रपंच केला.

हा फरक केवढा मोठा आहे, हे पाहण्यासाठी स्पर्धेच्या आणखी पुढच्या टप्प्यावर जाऊ. चार खेळाडू उरले आहेत आणि बक्षिसे तीन आहेत: ५०,००० रुपये, ३०,००० रुपये आणि २०,००० रुपये. चौघांजवळ चकत्या सारख्याच. म्हणजे या क्षणी प्रत्येकाची जागा २५,००० रुपयांच्या मोलाची. आता एकाने सर्व चकत्या पुढे सरकविल्या आणि दुसऱ्याने सामना स्वीकारला. जो हरेल त्याला शून्य. जो जिंकेल त्याच्या चकत्या दुप्पट होतील. पण त्याच्या जागेचे मोल दुप्पट होईल काय? ते होणार नाही. कारण तो कितीही जिंकला तरी पहिल्या बक्षिसाहून अधिक त्याला मिळावयाचे नाही. डेव्हिड हार्विल या संख्याशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये शर्यतीतील घोड्यांच्या क्रमांकांसाठी जी रीत मांडली, तीच पुढे पोकरच्या स्पर्धांना लावण्यात आली. त्या रीतीने पाहता दुप्पट चकत्यांचे मोल ५०,००० नव्हे, तर सुमारे ३८,३३३ रुपये भरते.

याचा अर्थ असा की, नाणेफेकीसारख्या बरोबरीच्या सामन्यात उतरणारा प्रत्येक जण सरासरीने ५,८३३ रुपये गमावतो. मग ते पैसे जातात कोठे? बाजूला बसून नुसते पाहणाऱ्या दोघांकडे. कोणीतरी बाद होताच त्यांच्या जागा २५,००० वरून ३०,८३३ वर चढतात. भांडण दोघांचे आणि लाभ बघ्यांचा. सामना स्वीकारणाऱ्याने तोट्यात जाऊ नये म्हणून त्याची जिंकण्याची शक्यता शंभरात निदान ६५ असावी लागते. ५० मुळीच पुरत नाही. हाच तराजू अर्थात आव्हान देणाऱ्यालाही लागू आहे आणि त्याचाही लाभ कमी करतो. परंतु आपण बाद होऊ ही धास्ती समोरच्यालाही तितकीच असते, आणि त्यामुळे तो अधिक वेळा माघार घेतो. समोरच्याजवळ चकत्यांचा डोंगर असेल, किंवा तो मुळी विचार न करता सामन्याला येणारा असेल, तर मात्र हे गणित बदलते. रीत आंधळेपणाने लावावयाची नाही.

आता आपण व्यासांकडे वळू. कोपरगावच्या चतुर्धर घराण्यातील नीलकंठ पंडितांनी सतराव्या शतकात पलीकडच्या तीरावर राहून महाभारतावर ‘भारतभावदीप’ ही टीका लिहिली. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९६६ मध्ये महाभारताची चिकित्सक आवृत्ती पूर्ण केली. मराठी विद्वत्तेने या ग्रंथावर इतके श्रम केले असताना त्यातील द्यूताकडे आपण बहुधा केवळ नीतिकथा म्हणून पाहतो. अनुवाद करता करता मी ते खेळ म्हणून पुन्हा वाचले.

सभापर्वातील धर्मराज प्रत्येक डावात काय करतो? तो आव्हान स्वीकारतो. बोलावणे आले तर नाही म्हणावयाचे नाही, असे त्याचे व्रत आहे. फासे शकुनीचे, आमंत्रण दुर्योधनाच्या पक्षाचे, सभा त्यांची. आपल्याहून कुशल माणसापुढे तो एकामागून एक पण लावतो: धन, रथ, दास, हत्ती, घोडे, मग नकुल, सहदेव, अर्जुन, भीम, मग स्वतः, आणि शेवटी द्रौपदी. समोरच्याने माघार घ्यावी, हा मार्ग त्याला एकदाही खुला नाही. प्रत्येक वेळी फासा सरसच पडावा लागतो, आणि तो पडत नाही. शिवाय ज्या चकत्यांनी तो खेळतो आहे, त्यांचे मोल त्याने कधी ताडूनच पाहिलेले नाही. मोत्यांचा हार आणि भाऊ एकाच मोजमापात टाकले जातात. द्रौपदी सभेला विचारते की, राजा आधी स्वतःला हरला की आधी मला? हा प्रश्न कायद्याचा आहेच. पण हिशेबाचाही आहे. आपली पुंजी संपली आहे, हे न पाहता लावलेला पण ती विचारात घेते. सभेतील वडीलधारे गप्प बसतात. भांडणात न पडलेले, पण ते थांबविण्याचे सामर्थ्य असलेले बघे तेव्हाही होते.

याच्या उलट नळराजा. वनपर्वात बृहदश्व ऋषी वनवासी धर्मराजाला ही कथा सांगतात. नळही प्रथम पुष्कराच्या आव्हानाला बळी पडून सर्वस्व गमावतो. पुढे तो ऋतुपर्ण राजाचा सारथी होतो. वाटेत बेहड्याचे झाड लागते. आणि बेहड्याच्या फळांचेच फासे त्या काळी खेळत. ऋतुपर्ण झाडाकडे नुसते पाहून दोन फांद्यांवरची पाने आणि फळे सांगतो, फळे २,०९५. नळ रथ थांबवितो, झाड पाडून मोजतो, आणि संख्या बरोबर निघते. मग ऋतुपर्ण त्याला अक्षहृदय, म्हणजे फाशांचे मर्म देतो, आणि नळ त्याला अश्वहृदय देतो. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठात अध्यापन केलेले मराठी संख्याशास्त्रज्ञ वि. प. गोडांबे यांनी या कथेकडे लक्ष वेधले, आणि इयन हॅकिंग यांनी संभाव्यतेच्या उदयावरील १९७५ च्या ग्रंथात तिचा उल्लेख केला. थोड्यावरून पुष्कळाचा अंदाज करणे आणि फासा समजणे या दोन विद्या एकच आहेत, हे कथाकाराला दिसले होते. घोड्यांच्या शर्यतीची रीत पत्त्यांना लागू पडते, हे वाचताना मला त्या अदलाबदलीची आठवण झाली.

आणि मग नळ काय करतो? तो परत येऊन पुष्कराला आव्हान देतो. एकच डाव, सर्वस्व पणाला, नाहीतर रथावरून द्वंद्वयुद्ध. तो त्या एका डावात जिंकतो. या पणात दमयंतीचेही नाव घेतले जाते, ते आजच्या वाचकाला, आणि मला तर एक स्त्री म्हणून, खटकते. ते झाकण्याचे कारण नाही. पण खेळाच्या दृष्टीने भेद स्वच्छ आहे. नळ बोलावला गेलेला नाही, तो बोलावणारा आहे. वेळ त्याने निवडली आहे, डावांची संख्या त्याने ठरविली आहे, आणि मर्म शिकल्यावरच तो आलेला आहे. ही कथा धर्मराजाला सांगून बृहदश्व तेथेच थांबत नाहीत. ते त्यालाही अक्षहृदय देतात. कंक होऊन विराटाच्या घरी फासे खेळणारा धर्मराज हा शिकलेला धर्मराज आहे.

मात्र येथे एक सावधगिरी हवी. नळ जिंकला म्हणून त्याची चाल बरोबर, असे मी म्हणत नाही. माझ्या उदाहरणातील राजा-नव्वीवाला खेळाडू शंभरात सुमारे २२ वेळा बाद होतो. त्या २२ वेळा घरी जाताना लोक त्याला मूर्ख म्हणतील. पण पाने उघडण्यापूर्वी जे ठाऊक होते, तेवढ्यावरूनच चालीचे माप घ्यावयाचे असते. फळावरून निर्णयाला दोष देणे ही आपली जुनी खोड आहे. परीक्षेत, शेतीत, औषधोपचारात, घरातल्या लग्नकार्यात आपण हेच करतो.

आणि आता, हे प्रकरण मी का ठेविले, त्याचे खरे कारण. आमच्या नात्यातील एका मुलाला, माझ्या भाच्याला, मोबाइलवर पोकर खेळण्याचा नाद लागला होता. एका पावसाळ्यात तो महाविद्यालयाच्या फीचे पैसे हरला. घरात रडारड झाली. माझा अनुवाद तेव्हा चालू होता. तो माझ्याजवळ येऊन बसला आणि म्हणाला, “मावशी, मी हरलो म्हणून चुकलो, की चुकलो म्हणून हरलो, एवढे मला कोणी सांगत नाही.” ज्या डावात तो प्रथम बाद झाला, तो त्याने मला कागदावर लिहून दाखविला. तो डाव जवळजवळ हाच होता: वाटपाची जागा, आधीचे सर्व पॅक, राजा-नव्वी. आम्ही दोघांनी मिळून हिशेब केला. चाल बरोबर होती. मी त्याला तसे सांगितले. तो कितीतरी वेळ बोलला नाही.

मग मी विचारले, “त्यानंतर काय केलेस?” त्यानंतर त्याने त्याच रात्री पुन्हा फी भरली होती, आणि पुन्हा, आणि पुन्हा. समोर आणखी एक स्पर्धा सुरू होत आहे, असे पडदा सांगत होता आणि तो येत होता. डावाच्या आत तो आव्हान देणारा होता. डावाच्या बाहेर तो पूर्णपणे आव्हान स्वीकारणारा झाला होता. तेथे ६५ चा तर सोडाच, कसलाच हिशेब त्याने विचारला नव्हता. शिवाय प्रत्येक प्रवेश फीतून खेळ चालविणारा आपला वाटा काढून घेतो. कौटिल्यानेही द्यूताध्यक्षाला जिंकलेल्या रकमेवर शेकडा पाच घ्यावयास सांगितले आहे. म्हणजे मेजावर सगळे सारखेच कुशल असले, तरी सर्वांचे मिळून नुकसानच होते. आणि फीचे पैसे ही चकती नव्हतीच. ते वर्ष होते.

तो मुलगा आज नोकरीला आहे, आणि खेळत नाही. तेव्हा घरातले सर्व जण त्याला एकच वाक्य सांगत होते की, जुगार वाईट. ते वाक्य खरे आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील जुगाऱ्याच्या सूक्तापासून ते सांगितले जात आहे. पण त्या वाक्याने त्याला आपली चूक सापडली नाही. उलट, जी चूक नव्हती तिच्यासाठीच आपल्याला बोलले जात आहे, असे वाटून तो अधिकच आत मिटला. हिशेबाने त्याला चुकीची नेमकी जागा दाखविली.

कायद्याने काय व्हावे, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्यावर मतभेद आहेत. १८६७ चा सार्वजनिक जुगार कायदा आणि मुंबई इलाख्याचा १८८७ चा कायदा, दोन्हींनी कौशल्याच्या खेळांना वगळले. रमीत कौशल्य प्रधान आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये म्हटले. पोकरविषयी मात्र निरनिराळ्या न्यायालयांनी निरनिराळा कौल दिला. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर, कौशल्य आणि नशीब असा भेद न करता, बंदी घालणारा कायदा संमत केला. माझ्या भाच्यासारख्या घरांचा विचार करता त्या बंदीचे कारण मला समजते. पण कायदा दार बंद करू शकतो. दारापलीकडून हाक आली तर तिला काय उत्तर द्यावे, हे तो शिकवीत नाही. ते पुस्तकाने शिकवावे. परीक्षक महाशयांना मी एवढेच लिहून कळविले, आणि त्यांनी मोठ्या मनाने आपला आक्षेप मागे घेतला.

आपल्यातील बहुतेकांच्या हाती पोकरची पाने कधीही यावयाची नाहीत. पण काठावरची जोडी कोणाला चुकत नाही. पुंजी झिजत असते, वेळ थोडा असतो, पाने ना धड चांगली ना धड वाईट. अशा वेळी तीन गोष्टी विचाराव्यात, एवढेच हे प्रकरण सांगते. स्वस्थ बसण्याची किंमत काय? मी आव्हान देत आहे, की केवळ बोलावले म्हणून जात आहे? आणि जे पुढे सरकवीत आहे, ती खरोखर चकती आहे काय?

तिसरा प्रश्न द्रौपदीचा आहे. त्या सभेत त्याला निर्णायक उत्तर मिळाले नाही. निदान आपल्या ग्रंथालयांत तो विचारला जावा, म्हणून ते प्रकरण पुस्तकात आहे.